गुलाबी अळंबीचे कुरण

(हीरकमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा पाठ)



वेल्स हा ब्रिटनचा पश्चिमेकडील डोंगराळ प्रांत. शरद ऋतूत तेथील एखाद्या मेंढवाड्याशेजारच्या उतारावर पहाटेचे धुके विरू लागले की आखूड, शेवाळमिश्रित गवतात रंगांचे ठिपके उमटलेले दिसतात. कोठे कुंकवासारखा लाल, कोठे हळदीचा पिवळा, कोठे शेंदरी, तर कोठे पोपटाच्या पंखासारखा हिरवा. लांबून पाहणाऱ्यास कोणा मुलाने रंगीत मणी उधळले असावेत असे वाटते. जवळ जाऊन वाकून पाहिले तर त्या अळंब्या असतात. पावसाळ्यात आपल्याकडे उकिरड्यावर उगवणाऱ्या आणि ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून पायाने उडवल्या जाणाऱ्या भूछत्रांच्याच त्या दूरच्या नातलग.

इंग्रजीत या गटाला ‘वॅक्सकॅप’ म्हणतात. वॅक्स म्हणजे मेण, कॅप म्हणजे टोपी. टोपीखालच्या पात्या बोटांत चुरडल्या असता मेणासारख्या लागतात, म्हणून हे नाव. हायग्रोसायबी आणि तिच्या जवळच्या प्रजाती या गटात येतात. ब्रिटन व आयर्लंड या बेटांवर त्यांच्या पन्नासहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. त्यांतील एक जात हात लागताच व वय होताच काळी पडते, एकीला मधाचा वास येतो आणि एका पांढऱ्या जातीला नव्या पेन्सिलीला टोक करताना येतो तसा देवदारी लाकडाचा. लाल-पिवळ्या जातींतील रंगद्रव्ये रसायनदृष्ट्या बीटाच्या रंगद्रव्याच्याच कुळातील आहेत. निसर्गाने एकच कृती दोन इतक्या वेगळ्या स्वयंपाकघरांत कशी वापरली असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

या साऱ्या रंगपंचमीत एक अळंबी मात्र वेगळी उठून दिसते. ती गुलाबी असते. उमलताना तिची टोपी निमुळत्या टोकदार शंकूसारखी असते. मग कडा वर उचलल्या जातात, चिरतात आणि फिकट, सडपातळ दांड्यावर गुलाबी झालर पसरते. गिरकी घेणाऱ्या नर्तकीच्या घेरदार झग्याची आठवण झाल्याने तेथील लोकांनी तिला ‘बॅलेरिना’ असे लाडके नाव दिले. तिचे शास्त्रीय नाव पॉर्पोलोमॉप्सिस कॅलिप्ट्रिफॉर्मिस. नावाचा उत्तरार्ध ग्रीक भाषेतील, स्त्रीच्या मस्तकावरील आच्छादनाचा अर्थ असलेल्या शब्दापासून आलेला आहे. म्हणजे शास्त्रज्ञांना पदर दिसला आणि सामान्यांना नर्तकी.

ज्याने १८३८ मध्ये या अळंबीचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले, तो माइल्स जोसेफ बर्कले हा इंग्लंडमधील एक धर्मोपदेशक होता. रविवारी प्रवचन आणि उरलेले दिवस सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी, असा त्याचा क्रम. आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजून भीषण दुष्काळ पडला तेव्हा ती कुज हवेच्या दोषाने वा दैवी कोपाने झालेली नसून एका सूक्ष्म, बुरशीसदृश जीवामुळे झाली आहे, असे १८४६ मध्ये ठामपणे मांडणारा हाच बर्कले. त्या काळी बहुतेक विद्वानांना हे मत मान्य नव्हते. चार्ल्स डार्विनने बीगल जहाजावरील सफरीत गोळा केलेल्या बुरशींचे वर्णनही त्यानेच केले. आपल्या देशाशीही त्याचा धागा जुळतो. जोसेफ हूकरने सिक्कीमच्या हिमालयातून आणि खासी टेकड्यांतून जमवलेल्या अळंब्या बर्कलेच्याच टेबलावर पोहोचल्या आणि त्यांतील कित्येकांना त्याने नावे दिली. पूर्वोत्तर भारतात स्थायिक झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हे वाचून गंमत वाटावी.

पालकांपैकी अनेकांनी शाळेत अळंबीचा पाठ वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात वाचला असेल. ‘हरितद्रव्य नसलेली वनस्पती’ असे तिचे वर्णन पाठही केले असेल. हे वर्णन आता इतिहासजमा झाले आहे. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी पाच सृष्टींचे वर्गीकरण मांडून कवकांना, म्हणजे बुरशी व अळंब्यांना, वनस्पती आणि प्राणी यांच्या बरोबरीचे स्वतंत्र स्थान दिले. पाठ्यपुस्तके बदलली. कायदे आणि करार मात्र बदलले नाहीत आणि पुढील साऱ्या कथेचे मूळ तेथेच आहे.

दिसते ती टोपी म्हणजे अळंबीचे केवळ फळ. आंब्याच्या झाडाला चार आठवडे आंबे लागावेत आणि बाकीचे वर्षभर झाड अदृश्य राहावे, तसा हा प्रकार. खरा जीव मातीत असतो, केसाहून बारीक अशा तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने. पानकुजीवर जगणाऱ्या अळंब्या आपल्याला ठाऊक आहेत, झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करून जगणाऱ्याही ठाऊक आहेत. वॅक्सकॅप यांपैकी नेमक्या कोणत्या गटात बसतात, हे कोडे दीर्घकाळ सुटले नव्हते. त्यांच्या ऊतींमधील कार्बन व नायट्रोजन यांच्या समस्थानिकांचे प्रमाण तपासले तेव्हा ते दोन्ही परिचित प्रकारांशी जुळेना. पुढे डीएनए तपासणीत काही वॅक्सकॅपचे अंश गवतातील एका साध्या, अरुंद पानांच्या रोपाच्या, म्हणजे प्लँटॅगोच्या मुळांत सापडले. (आपल्या इसबगोलाचे हे चुलत भावंड.) जिवंत वनस्पतींशी त्यांचे काहीतरी नाते आहे, एवढे आता मानले जाते. प्रयोगशाळेतील बशीत त्यांना वाढवण्याचे प्रयत्न मात्र सतत निष्फळ ठरले आहेत. ज्याची लागवड करता येत नाही त्याचे संरक्षण जागेवरच करावे लागते. रोपवाटिका काढून, बी साठवून ठेवून येथे भागत नाही.

मग या अळंबीला हवे तरी काय? उत्तर ऐकून शेतकऱ्याच्या घरातील श्रोत्यांना नवल वाटेल. तिला गरिबी हवी. ज्या कुरणाला कधी नांगर लागला नाही, ज्यात रासायनिक खत पडले नाही, जेथे नत्र आणि स्फुरद कमी आहे, गवत मेंढ्यांनी वा विळ्याने आखूड राखलेले आहे आणि त्यात शेवाळ माजले आहे, असे कुरण तिला मानवते. शेतकरी ज्याला ‘जमिनीत कस नाही’ म्हणून नाके मुरडील, तेच तिचे वैभव. खताची एखाददुसरी मात्रा दिली की गवत तरारून उठते, जनावरांचे पोट भरते आणि रंगीत अळंब्या हटतात. नंतर खत थांबवले तरी पूर्वीची समृद्धी परतायला दशके लागतात.

हा पालट ब्रिटनमध्ये फार थोड्या काळात घडला. दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाली. रेशनिंग तर १९५४ पर्यंत चालले. सरकारने जुनी कुरणे नांगरण्यास, नवे राई गवत पेरण्यास आणि खत टाकण्यास पैसा दिला. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. उपाशी देशाने त्याच्याकडे धान्य आणि दूध मागितले आणि त्याने ते दिले. याची किंमत रॉबिन फुलर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून समोर आली. इंग्लंड व वेल्समधील सखल प्रदेशातील फुलांनी भरलेल्या, खत न लागलेल्या जुन्या गवताळ जमिनींपैकी सुमारे ९७ टक्के जमीन १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत नाहीशी झाली होती. नेदरलँड्समध्ये परिस्थिती आणखी बिकट होती, कारण तेथे दाट पशुपालनातून हवेत मिसळणारा अमोनियाच पावसाबरोबर जमिनीवर खत बनून पडत असे. ज्याने आपल्या शेतात मूठभरही खत टाकले नाही, त्याच्या कुरणावरही ते पडे.

उरलेल्या जागा कोठे आहेत, हे पाहिले की मनुष्यस्वभावाचे दर्शन घडते. त्या डोंगरउतारांवर आहेत, कारण तेथे ट्रॅक्टर चढत नाही. त्या जुन्या चर्चच्या आवारांत आणि दफनभूमींत आहेत, कारण मृतांच्या शेजारी कोणी नांगर धरत नाही. जुन्या हवेल्यांच्या हिरवळींवर आहेत, कारण तेथे गवत कापून वाहून नेण्याची माळ्यांची परंपरा होती. इंग्लंडच्या लीस्टरशायर परगण्यातील रोक्लिफ मॅनर या वाड्याची हिरवळ तर केवळ तिच्यावर उगवणाऱ्या वॅक्सकॅपसाठी वैज्ञानिक महत्त्वाचे क्षेत्र म्हणून संरक्षित आहे. कोणत्याही व्यवस्थापन आराखड्याविना, निव्वळ सवयीने आणि आळसाने, पिढ्यान्‌पिढ्या जे राखले गेले ते हे.

कोणते कुरण मौल्यवान, हे ठरवावे कसे? डेन्मार्कच्या एरिक राल्ड यांनी १९८५ मध्ये एक विलक्षण साधी मोजपट्टी सुचवली: वॅक्सकॅपच्या जाती मोजाव्यात. एखाद्या जागी सतरा वा त्याहून अधिक जाती आढळल्या तर ती राष्ट्रीय महत्त्वाची, नऊ ते सोळा असल्यास प्रादेशिक, चार ते आठ असल्यास स्थानिक. या मोजणीस कीटकतज्ज्ञाची जाळी लागत नाही की महागडे उपकरण लागत नाही. लागते ती चांगली नजर आणि शरद ऋतूत पुन्हा पुन्हा त्याच उतारावर जाण्याची चिकाटी. ही पद्धत युरोपभर पसरली. तिच्यात पुढे गवताळ भूमीतील अन्य अळंब्यांची, प्रवाळासारख्या फांद्यांच्या आणि काळ्या जिभेसारख्या दिसणाऱ्या जातींची भर पडली. वेल्समधील ॲबरिस्टविथ विद्यापीठाचे गॅरेथ ग्रिफिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुरणांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. आता चिमूटभर मातीतील डीएनए तपासून, टोपी वर आलेली नसतानाही खाली कोण राहते ते समजू लागले आहे. आणि ज्याला शास्त्रीय नावे येत नाहीत अशा नागरिकालाही ‘येथे लाल, पिवळ्या, गुलाबी, हिरव्या दिसल्या’ एवढी केवळ रंगांची नोंद करून मदत करता यावी, असे उपक्रम तेथील संस्थांनी सुरू केले आहेत. शाळांनी उचलावी अशी ही युक्ती आहे.

गुलाबी बॅलेरिनाच्या बाबतीत या शोधाचा परिणाम थोडा अनपेक्षित झाला. १९९० च्या दशकात ती दुर्मीळ समजून ब्रिटनच्या जैवविविधता कृती आराखड्यात घेतली गेली. त्यामुळे लोक तिला शोधू लागले आणि शोधू लागल्यावर ती पूर्वी वाटली त्याहून पुष्कळ अधिक ठिकाणी सापडली. मग तिचे नाव प्राधान्य यादीतून वगळण्यात आले. चांगलीच बातमी म्हणायची. पण जगाच्या नकाशावर पाहिले तर चित्र उलटे होते. युरोपातील अनेक देशांत ती अत्यंत विरळ आहे आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ती ‘असुरक्षित’ या वर्गात नोंदलेली आहे. ज्याच्या घरी अधिक आहे त्याला ती सामान्य वाटते. तिचा मोठा वाटा आपल्याच अंगणात आहे, म्हणून जबाबदारीही मोठी, हे ध्यानात यायला ब्रिटनलाही वेळ लागला.

आंतरराष्ट्रीय संरक्षणाचा प्रयत्न झाला नाही असे नाही. युरोपातील वन्य जीवांच्या रक्षणासाठी १९७९ मध्ये बर्न येथे करार झाला. त्यात प्राणी आले, वनस्पती आल्या. कवके राहून गेली. २००३ मध्ये तेहतीस अळंब्यांची एक यादी या करारात समाविष्ट करावी म्हणून मांडण्यात आली. गुलाबी बॅलेरिना तिच्यात होती. ती यादी स्वीकारली गेली नाही. व्हिटेकर यांनी कवकांना स्वतंत्र सृष्टीचा मान देऊन तोवर चौतीस वर्षे लोटली होती. २०२४ मध्ये कोलंबियातील काली येथे भरलेल्या जैवविविधता परिषदेत चिली व ब्रिटन या दोन देशांनी कवकांना प्राणी व वनस्पतींच्या बरोबरीने स्थान द्यावे असा आग्रह धरला, हे त्यातल्या त्यात आश्वासक.

आता वेल्सची राजधानी कार्डिफ येथील एक हकिकत. शहराला पाणी मिळावे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोंगरातील ताफ फावर नदीच्या खोऱ्यातून पाणी आणण्याची योजना झाली आणि शहराच्या उत्तरेस लिसव्हेन व लॅनिशन असे दोन जलाशय बांधले गेले. लॅनिशनचे काम १८८६ मध्ये पूर्ण झाले. दोन्ही जलाशयांभोवती मातीचे उंच बांध घातले गेले आणि त्यांवर गवत लावले गेले. बांध मजबूत राहावा, मुळांनी फुटू नये, कोठे पाझर लागल्यास दिसावा, म्हणून तेथे झाडे वाढू दिली नाहीत आणि गवत आखूड ठेवले. खत टाकण्याचे काही कारणच नव्हते. उलट खत धुपून पिण्याच्या पाण्यात गेले असते. शंभराहून अधिक वर्षे हे असेच चालले. अभियंत्यांनी पाणी राखले आणि नकळत एक कुरण राखले गेले.

पुढे शहराला या जलाशयांची गरज उरली नाही. मालकी बदलली आणि लॅनिशनच्या जागेवर शेकडो घरे बांधण्याचा बेत पुढे आला. परिसरातील रहिवासी एकत्र आले. त्यांच्या मनात मुख्यतः होते ते मोकळे पाणी, शिडाच्या होड्या आणि संध्याकाळचा फेरफटका. अळंब्या त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पाहिल्या असतील. परंतु तज्ज्ञांनी बांधांची पाहणी केली तेव्हा तेथे वॅक्सकॅपची असाधारण विपुलता आढळली आणि २००५ मध्ये ते गवताळ बांध वैज्ञानिक महत्त्वाचे क्षेत्र म्हणून जाहीर झाले. वाद थांबला नाही. अर्ज, अपिले, चौकश्या वर्षानुवर्षे चालल्या. २०१० मध्ये लॅनिशनचे पाणी सोडून देण्यात आले आणि जेथे होड्या डोलत असत तेथे झुडपे उगवू लागली. त्या काळात हा लढा हरला असेच अनेकांना वाटले असणार. रिकाम्या तळ्याकडे बोट दाखवून ‘आता काय राखायचे उरले?’ असे विचारणे सोपे होते. बांधावरील गवतातले उत्तर वर्षातून जेमतेम दोन-तीन महिनेच दिसत असे.

येथे थोडे थांबून आपल्या मातीकडे वळणे अप्रस्तुत होणार नाही. गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या अळमीला सोन्याचे मोल येते. तीही कृत्रिम रीत्या पिकवता येत नाही, कारण तिचे जीवन वाळव्यांच्या वसाहतीशी बांधलेले आहे. सांतेरीच्या रूपाने वारूळ पूजणाऱ्या लोकांनी ते फोडले नाही, म्हणून अळमी टिकली. आणि गवताळ माळांविषयी बोलायचे तर आपली अडचण ब्रिटनपेक्षा निराळी असली तरी भावंड म्हणावी अशीच आहे. माळरानाला आपल्या सरकारी भाषेत ‘पडीक जमीन’ म्हणण्याची जुनी सवय आहे. सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या माळढोकाच्या माळावर वा साताऱ्याच्या कास पठारासारख्या सड्यावर जे जगते ते झाडांवाचून जगते, हे झाडे लावण्याच्या उत्साहात विसरले जाते. महाराष्ट्रातील कित्येक माळांवर ग्लिरिसिडियासारखी परकी झाडे लावून ‘हिरवाई’ साधली गेली आहे. वृक्षारोपण हे पुण्यकर्म खरेच. पण ब्रिटनमध्येही हवेतील कार्बन शोषण्यासाठी नवी वने लावण्याची मोहीम सुरू झाल्यावर ‘रिकामे’ दिसणारे उतार प्रथम निवडले गेले आणि त्यांत वॅक्सकॅपची कुरणेही आली. झाडाची सावली पडली, पाने कुजून कस वाढला, की गवत हटते आणि त्याच्यासोबत ती अळंबीही. शाळांच्या सहलीत खड्डे खणण्यापूर्वी त्या जागी आधी कोण राहते, हे विचारण्याची पद्धत पडायला हरकत नाही.

कार्डिफची कथा मात्र रिकाम्या तळ्यापाशी संपली नाही. बांधकामाचा बेत मागे पडला. २०१६ मध्ये वेल्सच्या जलपुरवठा संस्थेने दोन्ही जलाशय दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने हाती घेतले. झुडपे काढून लॅनिशनमध्ये पुन्हा पाणी भरण्यात आले आणि २०२३ च्या उन्हाळ्यात ही जागा जनतेसाठी उघडली गेली. होड्या परतल्या. आता फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. त्यामुळे एक नवी चिंता उभी राहिली: इतक्या पावलांखाली ते गवत टिकेल काय? म्हणून ठरावीक वाटांनीच जाण्याची विनंती केली जाते.

बांधावरील गवत आजही आखूड ठेवावे लागते आणि कापलेले गवत उचलून न्यावे लागते. ते तेथेच कुजू दिले तर त्याचेच खत होईल. पूर्वी हे काम बांध फुटू नये म्हणून होत असे. आता ते अळंबीसाठी होते. ऑक्टोबर उजाडला, दोन-चार दिवस पाऊस झाला, की १८८६ च्या त्या मातीतून शेंदरी, पिवळ्या, हिरव्या टोप्या वर येऊ लागतात आणि रंगांची नोंद घेणारी माणसे वही हाती घेऊन गुडघ्यांवर बसलेली दिसतात.